कायद्याचं शिक्षण, शिष्यवृत्ती आणि सनदेनंतरची पहिली तीन वर्षं : मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीच्या आगेमागे साखर कारखाने पेटतात आणि आमच्या भागातली माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्याच दिवसांत कायद्याच्या प्रवेशाच्या शेवटच्या फेऱ्या आणि शिष्यवृत्तीचे फॉर्म चालू असतात. मी अंबाजोगाईच्या कोर्टात वकिली करते. केज, धारूर, परळी, रेणापूर या बाजूची पोरं-पोरी दरवर्षी बार रूमच्या बाहेर कागदांची पिशवी घेऊन उभी असतात. त्यांचे आणि त्यांच्या आई-वडिलांचे प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा सविस्तर लिहून ठेवते आहे.

ताई, खरं सांगा, वकिलीत पोट भरतं का?

भरतं, पण लगेच नाही. हे मी प्रवेशाच्या आधीच सांगते, कारण नंतर सांगून उपयोग नसतो.

पहिल्या वर्षी मी एक वही ठेवली होती. पहिल्या पानावर एकच नोंद आहे : जामिनाचा अर्ज, पाचशे रुपये. खाली त्यातून गेलेले पैसे लिहिलेत : टायपिंग, झेरॉक्स, कोर्ट फी स्टॅम्प, गावाकडून यायचं-जायचं एसटीचं तिकीट. त्या महिन्यात दुसरी नोंद नाही. पुढच्या महिन्यात दोन आहेत, आणि त्यातल्या एका पक्षकारानं अर्धे पैसे "सोयाबीन विकल्यावर देतो" म्हणून ठेवले होते. त्यानं ते दिले, पण मार्चमध्ये.

शिष्यवृत्तीचा हिशोब लोक कॉलेजच्या तीन किंवा पाच वर्षांपुरता मांडतात. फी किती, माफ किती, खोलीचं भाडं किती. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यावरच्या तीन वर्षांचा हिशोब कुणीच मांडत नाही, आणि हुशार लेकरं गळतात ती नेमकी तिथं. कॉलेजात असताना सरकार हात देतं. काळा कोट अंगावर चढला की तो हात सुटतो, आणि कमाई सुरू व्हायला अजून वेळ असतो. म्हणून पाच वर्षांचा कोर्स करायचा असेल तर आठ वर्षांचा विचार करा, तीन वर्षांचा करायचा असेल तर सहा वर्षांचा.

बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स करू, की पदवी घेऊन तीन वर्षांचा?

घरची ओढाताण असेल तर मी आधी पदवी घ्या म्हणते. पदवी हातात असली की स्पर्धा परीक्षेचा फॉर्म भरता येतो, लहानसहान नोकरी धरता येते, आणि मध्येच कायदा सोडावा लागला तरी माणूस रिकाम्या हातानं परतत नाही. मन पक्कं असेल आणि घरची तयारी असेल तर पाच वर्षांचा घ्या, त्यात एक वर्ष वाचतं.

पात्रता काय लागते?

पाच वर्षांसाठी बारावीला आणि तीन वर्षांसाठी पदवीला खुल्या प्रवर्गात ४५ टक्के, ओबीसींना ४२ आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. त्यावर राज्याची विधी सीईटी, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षा. ती मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत असते, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नका. हे इतकं साधं असूनही दरवर्षी कुणीतरी वीसेक प्रश्न सोडून येतं.

मला नेमकी कोणती शिष्यवृत्ती लागू होते?

राज्याच्या जवळपास सगळ्या योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. आपण कोणत्या रांगेत बसतो हे आधी ओळखायचं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत असेल, तर भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. तिच्यात फीही येते आणि निर्वाह भत्ताही. उत्पन्न त्याच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभागाच्या अशाच योजना आहेत, आणि हिंगोली, नांदेडच्या बाजूला त्यांचा आधार मोठा आहे.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला पूर्ण शिक्षण शुल्क मिळतं. ओबीसी मुलांना निम्मं मिळतं. मुलींचं वेगळं आहे, ते खाली लिहिलंय. मराठा समाजातले एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास), ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि खुल्या प्रवर्गातले विद्यार्थी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीत येतात. गावाकडं तिला अजून 'ईबीसी' म्हणतात. उत्पन्नाची मर्यादा आठ लाख, माफी निम्म्या शुल्काची, आणि एका कुटुंबातल्या दोन मुलांपुरतीच.

मुस्लिम, बौद्ध, जैन, शीख आणि इतर अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही याच पोर्टलवर आहे. मराठवाड्यात मुस्लिम मुलं-मुली कायद्याकडं चांगल्या संख्येनं येतात, पण ही योजना माहीत नसल्यानं फॉर्मच भरत नाहीत, असं मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

मुलींना फी पूर्ण माफ आहे हे खरं आहे का?

खरं आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ झालं. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं.

मात्र एक अट नीट वाचा. प्रवेश केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातल्या किंवा संस्था पातळीवर घेतलेल्या प्रवेशाला ही माफी नाही. शेवटची फेरी संपल्यावर "जागा आहे, आजच्या आज पैसे भरा" असा फोन येतो, बाप उसनवारी करून धावत जातो आणि माफी गमावून बसतो. असा फोन आला तर पहिला प्रश्न हा विचारा : हा प्रवेश कॅपमधून होतोय का?

दुसरं असं की माफी शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची आहे. ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र, विकास निधी या नावाखालची रक्कम वेगळी. प्रवेशाआधी कॉलेजकडून शुल्काचा तपशील कागदावर मागून घ्या.

राहण्या-जेवणाचं काय? फीपेक्षा तोच खर्च जास्त आहे.

बरोबर आहे. पहिला प्रयत्न शासकीय वसतिगृहाचा करा. तिथं नंबर लागला नाही तर अनुसूचित जातींसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. छत्रपती संभाजीनगरसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१ हजार आणि इतर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३ हजार रुपये, असा तिचा हिशोब आहे. तिला गुणांची, उत्पन्नाची आणि कॉलेज कुठे आहे याची अट आहे. अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. या तिसरीत जिल्हावार जागा मोजक्या असतात, तेव्हा उशीर करू नका.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो. त्याला अल्पभूधारकाचा दाखला लागतो. आपल्याकडं सातबारा आजोबांच्याच नावावर असतो आणि वाटणी तोंडी झालेली असते, त्यामुळं वडिलांच्या नावानं दाखला निघत नाही. वारसाचा फेरफार आणि वाटणीची नोंद आदल्या वर्षीच तलाठ्याकडून करून घ्या. जूनमध्ये धावाधाव केली तर होत नाही.

फॉर्म भरताना ओटीपी वडिलांच्या मोबाइलवर जातो, आणि वडील ऊसतोडीला गेलेत. काय करू?

हा प्रश्न बाहेरच्या माणसाला किरकोळ वाटेल. आमच्या भागात यापायी वर्षाची शिष्यवृत्ती बुडते. धारूर तालुक्यातली एक मुलगी नेट कॅफेत बसली होती, वडील कोल्हापूरकडं फडात. ओटीपी यायचा तेव्हा त्यांचा फोन टोळीतल्या दुसऱ्या माणसाच्या खोपीत चार्जिंगला लावलेला. दोन दिवस ती त्या खुर्चीवर बसून होती. तिसऱ्या दिवशी रात्री नऊला वडिलांनी आकडे वाचून दाखवले. त्यांना लिहिता-वाचता फार येत नाही, म्हणून एकेक आकडा सावकाश.

यावर उपाय एकच, आणि तो उन्हाळ्यातच करायचा. आधार केंद्रावर जाऊन स्वतःच्या आधारला स्वतःचा मोबाइल नंबर जोडून घ्या. मग बँकेत जाऊन खातं आधारशी जोडलंय का आणि सरकारी पैसे याच खात्यात येतील का, हे विचारून घ्या. नुसतं केवायसी केलेलं असणं पुरत नाही. जुनं एखादं खातं आधारशी जोडलेलं राहिलं की पैसे तिकडं जातात.

उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेयर, अधिवास हे सगळं आई-वडील गावात असतानाच, म्हणजे दसऱ्याच्या आत काढून ठेवा. जात पडताळणीला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

पैसे माझ्या खात्यात आले आणि कॉलेज फी मागतंय. हे काय?

अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत आता केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के असतो. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो, त्यात फीही असते. ती रक्कम तुमची नाही, कॉलेजची आहे. घरात आजारपण निघतं, बियाणं घ्यायचं असतं, पैसे खर्च होतात, आणि मग परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी कॉलेज अडवतं. हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही. अडचण आली की आधी हात जवळच्या पैशाकडंच जातो. पण पैसे आले त्या आठवड्यातच फी भरून पावती घ्या.

फी बाकी आहे म्हणून कॉलेजनं मूळ कागदपत्रं अडवून ठेवली आहेत.

असं करता येत नाही. थकलेली फी वसूल करायचे मार्ग वेगळे आहेत, विद्यार्थ्याची टीसी आणि गुणपत्रक तारण म्हणून ठेवायची नसतात. माझ्या धाकट्या भावाच्या बाबतीत एका कॉलेजनं हेच केलं होतं. तेव्हा आम्हाला काही कळत नव्हतं. वडिलांनी शेळ्या विकून पैसे भरले. आज तसं कुणी आलं तर मी आधी प्राचार्यांना लेखी अर्ज करायला लावते, त्याची पोच घ्यायला लावते, आणि मग विद्यापीठाकडं आणि उच्च शिक्षण सहसंचालकांकडं तक्रार. बहुतेक वेळा पोचेचा शिक्का पडला की कागद निघतात.

माझं बी.एड. झालंय. आता एलएल.बी.ला शिष्यवृत्ती मिळेल?

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. नंतर एलएल.बी. केलं तर अडचण नाही. बी.एड. हा मात्र व्यावसायिक अभ्यासक्रम धरला जातो, आणि एका व्यावसायिक अभ्यासक्रमानंतर दुसऱ्याला शिष्यवृत्ती देण्याचे नियम योजनेगणिक वेगळे आहेत. प्रवेश घ्यायच्या आधी समाजकल्याण कार्यालयात लेखी विचारा. शिक्षणात खंड असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

राष्ट्रीय विधी विद्यापीठात आमच्यासारख्यांचा नंबर लागेल का?

लागतो. आपल्याच छत्रपती संभाजीनगरला महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ २०१७ पासून आहे. मुंबई आणि नागपूरला आणखी दोन आहेत. तिथं सीईटी चालत नाही, क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. १२० प्रश्न, दोन तास, इंग्रजीत, आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. मराठी माध्यमातून बारावी केलेल्या मुलाला इंग्रजी उताऱ्यांचा वेग पकडायला वर्षभर तरी लागतं. रोज इंग्रजी वर्तमानपत्राचं एक पान मोठ्यानं वाचणं ही मी पाहिलेल्यातली सगळ्यात स्वस्त आणि लागू पडलेली तयारी.

फी जास्त आहे. पण अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची टॉप क्लास शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा आठ लाख. आणि प्राध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० मध्ये सुरू केलेली 'आयडिया' ही संस्था गरीब घरच्या मुलांना क्लॅटची तयारी करून घेऊन पुढच्या शिक्षणातही मदत करते. मोठ्या शहरांतल्या लॉ फर्म आणि कंपन्या नोकरीसाठी मुख्यतः या विद्यापीठांतच येतात. पहिल्या दिवसापासून पगाराची वाट तिथं आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही.

कर्ज काढावं का?

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका तारण मागत नाहीत, आणि स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतही तारणाची गरज नाही, त्याला सरकारी हमी योजना आहे. व्यवस्थापक सातबारा मागायला लागले तर हे त्यांना सांगा.

पण माझं मत विचाराल तर : राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी कर्ज काढा, जिल्ह्यातल्या कॉलेजसाठी काढू नका. कोर्टात उभं राहायचं असेल तर हप्ता सुरू होतो तेव्हा तुमची कमाई सुरू झालेली नसते. ते ओझं घेऊन ज्युनिअरशिप होत नाही, माणूस पहिल्याच वर्षी मिळेल त्या नोकरीकडं पळतो.

कॉलेज निवडताना काय बघू?

मान्यता आधी. बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या शिखर संस्थेची मान्यता चालू वर्षाची आहे का, ते पाहा, नाहीतर पुढं सनदेला अडचण येते. नंतर अनुदानित तुकडी आहे का पाहा, कारण तिथं फी फारच कमी असते. संभाजीनगरचं माणिकचंद पहाडे, लातूरचं दयानंद, नांदेडचं नारायणराव चव्हाण ही आपल्याकडची जुनी नावं.

"यायची गरज नाही, फक्त परीक्षेला या" असं सांगणारं कॉलेज टाळा. नियमानं प्रत्येक विषयाला ७० टक्के हजेरी लागते. शिवाय तिथं तुम्ही वाद-प्रतिवाद, मसुदा लिहिणं, कोर्ट भेट यातलं काहीच शिकत नाही, आणि ते न शिकल्याचं सनदेनंतर पहिल्याच आठवड्यात उघडं पडतं.

एक बारीक गोष्ट : सीनिअरांची जुनी पुस्तकं फुकट मिळाली तरी छपाईचं वर्ष बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम लागू झालेत. जुन्या खटल्यांसाठी जुने कायदेही लागतात, पण अभ्यास नव्यानं करा.

सनदेला किती खर्च येतो?

वकील अधिनियम, १९६१ च्या कलम २४ नुसार नोंदणी शुल्क साडेसातशे रुपये, अनुसूचित जाती-जमातींना सव्वाशे. पूर्वी राज्याराज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावाखाली हजारो रुपये घेत. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ च्या गौरव कुमार निकालात सांगितलं की कायद्यात लिहिलंय त्यापेक्षा जास्त नोंदणी शुल्क घेता येणार नाही. मुद्रांक शुल्क तेवढं वेगळं.

त्यानंतर दोन वर्षांच्या आत अखिल भारतीय बार परीक्षा पास व्हावं लागतं. शंभर प्रश्न, ४५ टक्क्यांना पास, अनुसूचित जाती-जमातींना ४०. टीपा नसलेलं मूळ कायद्याचं पुस्तक आत नेता येतं. कलमं कुठं सापडतात एवढं माहीत असलं तरी निघून जाते, तिची भीती बाळगू नका.

ज्युनिअरला सीनिअर पैसे देतात का?

काही देतात, काही देत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियानं पत्रक काढलं : ज्युनिअर वकिलाला शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये द्यावेत. ती शिफारस आहे, सक्ती नाही. तालुक्याच्या कोर्टात एवढे पैसे घेणारा ज्युनिअर मला अजून भेटलेला नाही. आंध्र प्रदेशात सरकारनं २०१९ मध्ये नव्या वकिलांना पहिली तीन वर्षं महिना पाच हजार द्यायला सुरुवात केली होती. असं काही आपल्याकडं व्हावं म्हणून वकील संघांनी जोर लावला पाहिजे, मी आमच्या बैठकीत दरवेळी बोलते.

तोवर काय करायचं? सीनिअर निवडताना नाव मोठं आहे की नाही यापेक्षा तो माणूस ज्युनिअरला साक्षीदाराची उलटतपासणी करू देतो का, अर्जाचा मसुदा लिहायला देतो का, ते बघा. महिनाभर त्या कोर्टात मागच्या बाकावर बसलात की कळतं. फाइल उचलायला आणि तारीख घ्यायलाच ठेवणाऱ्याकडं तीन वर्षं गेली तर तीन वर्षांनीही तुम्ही तारीखच घेत असता. आणि प्रवासभाड्याचं आधीच बोलून घ्या. लाज वाटते, पण बोला. "सर, रोजचं तिकीट आणि जेवण एवढं निघालं तर मी नियमित येईन," एवढं म्हटलं तर कुणी चिडत नाही.

संध्याकाळी शिकवण्या घ्या, ई-फायलिंग शिकून इतर वकिलांची कामं करून द्या, मराठी टायपिंग पक्कं करा. जिल्हा आणि तालुका न्यायालयांचं कामकाज मराठीत चालतं, आणि शुद्ध, नेमका मराठी मसुदा लिहिणाऱ्या ज्युनिअरला कामाची कमी पडत नाही.

मला वकिली नको, थेट न्यायाधीश व्हायचंय.

मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली. ही वर्षं बार कौन्सिलमधल्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून धरतात, आणि दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं. म्हणजे पदवी हातात पडल्यावर सनदेला एक महिनासुद्धा उशीर करू नका.

परीक्षा एमपीएससी घेते : पूर्व परीक्षा १०० गुणांची, मुख्य २०० ची, मुलाखत ५० ची. सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे. जागा साऱ्या राज्याला मिळून निघतात आणि दरवर्षी निघतीलच असं नाही. म्हणून पुण्यात खोली घेऊन नुसता अभ्यास करत बसण्यापेक्षा आपल्या जिल्ह्याच्या कोर्टात काम करत अभ्यास करा. अटीमुळं आता तसंही तेच करावं लागणार आहे. बार्टी (अनुसूचित जाती), सारथी (मराठा-कुणबी), महाज्योती (ओबीसी, भटके-विमुक्त) या राज्याच्या संस्थांच्या प्रशिक्षणाच्या जाहिराती पाहत राहा.

नोकरीच्या आणखी वाटा कोणत्या?

बँकांत विधी अधिकारी, आयबीपीएस परीक्षेतून. सनद लागते, वय साधारण तिशीच्या आत. सरकारी अभियोक्ता, एमपीएससीमार्फत, त्याला वकिलीचा अनुभव मागतात. महापालिका आणि जिल्ह्याच्या कार्यालयांत कंत्राटी विधी अधिकारी. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद स्थगित करावी लागते, हे ध्यानात ठेवा.

नव्यांसाठी मला सगळ्यात चांगली वाटते ती जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातली लोकअभिरक्षक कार्यालयाची जागा. गरीब आरोपींचा बचाव करायचा, मानधन दरमहा, आणि सहायक पदाला शून्य ते तीन वर्षांचा अनुभव चालतो. कंत्राटी आहे, पण दोन वर्षांत फौजदारी काम हाताखालून जातं.

प्राध्यापक व्हायचं असेल तर एलएल.एम. आणि नेट किंवा सेट. पण कायम जागा फार थोड्या निघतात, बरेच जण तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवताहेत. तेवढ्याच आधारावर संसार मांडू नका.

मराठवाड्यात राहूनच वकिली केली तर कसलं काम मिळतं?

जमिनीचं, सगळ्यात जास्त. वाटपाचे दावे, बांधाचे वाद, फेरफाराची अपिलं. समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यांसाठी आणि तलावांसाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याची प्रकरणं. कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टर-ट्रॉली उलटून गेलेल्या मजुरांच्या नुकसानभरपाईचे दावे. पोटगी, चेक न वटल्याच्या केसेस.

आणि एक काम असं, जे पुण्या-मुंबईच्या वकिलाला जमत नाही. आपण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. इथं कूळ कायदा १९५० चा हैदराबादचा, इनामांचा कायदाही वेगळा. जुनी कागदपत्रं उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला लागले तेव्हा ही लिपी वाचणारी माणसं तालुक्या-तालुक्यात धुंडाळावी लागली. माझ्याकडच्या एका दाव्यात तीन पिढ्यांचा वाद एका उर्दू पहाणी पत्रकातल्या दोन ओळींवर येऊन थांबला होता, आणि त्या ओळी वाचून दाखवणारे निवृत्त शिक्षक ऐंशीच्या घरात होते. ज्या मुलाला उर्दू येतं, किंवा जो मोडी शिकायला तयार आहे, त्यानं हे काम धरलं तर त्याला शोधत लोक येतील. मी स्वतः चाळिशीत मोडी शिकायला घेतली.

औरंगाबाद खंडपीठात जावं का?

खंडपीठ १९८१ पासून आहे. मराठवाड्याचे आठ जिल्हे आणि अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार असे बारा जिल्हे त्याच्याकडं येतात. काम भरपूर आहे. भाषा इंग्रजी, शहराचं भाडं वेगळं. आधी दोन-तीन वर्षं जिल्ह्यात दिवाणी आणि फौजदारी हातानं करून मग गेलेली माणसं तिथं जास्त लवकर पाय रोवतात, असं माझं निरीक्षण आहे. गावाकडचे वकील आपली अपिलं मग त्यांच्याकडंच पाठवतात.

मुलीला कोर्टात पाठवावं का, असं घरचे विचारतात.

पाठवा. माझ्या वडिलांनाही लोकांनी हेच विचारलं होतं. पोटगीच्या, मारहाणीच्या प्रकरणांत बाया आधी बाई वकील शोधतात, आणि तालुक्याला अजून त्या पुरेशा नाहीत. स्वच्छतागृह, बसायची जागा, संध्याकाळच्या एसटीची वेळ, या अडचणी खऱ्या आहेत. वकील संघात जाऊन त्या मांडा. आमच्याकडं महिलांची वेगळी खोली चार जणींनी मिळून सहीचा अर्ज दिल्यावर झाली.

फॉर्ममध्ये अडकलो तर कुणाकडं जायचं?

आधी कॉलेजमधल्या शिष्यवृत्तीच्या लिपिकाकडं, कारण अर्ज तिथूनच पुढं सरकतो. त्यांच्या टेबलावर अर्ज महिनाभर पडला असेल तर रोज जाऊन नम्रपणे विचारा. तिथून काम झालं नाही तर जिल्ह्याच्या सामाजिक न्याय भवनात सहायक आयुक्त, समाजकल्याण यांचं कार्यालय. शुल्क सवलतीच्या इतर योजनांसाठी उच्च शिक्षण सहसंचालक. जाताना अर्जाचा आयडी, आधार, पासबुक आणि आधीच्या सगळ्या अर्जांच्या पोचा सोबत न्या, आणि सकाळी अकराच्या आत पोचा. आमच्या बाजूची कुणी असेल तर कोर्ट सुटल्यावर साडेपाचनंतर बार रूमला या, फॉर्म बसून भरू. वडील फडात असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा की संध्याकाळी फोन जवळ ठेवा.